शेजारच्या बाळंतिणीला डबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर असो, परभणी असो की एखादं वाडी-तांड्याचं गाव, गल्लीत लेकरू जन्मलं की शेजारणींच्या मनात तेच प्रश्न येतात. काय न्यावं, कधी न्यावं, त्यांना चालेल का, सासूबाई काय म्हणतील. ज्यांना मनापासून काही करायचंय पण पाऊल उचलत नाही, त्यांच्यासाठी ही उत्तरं. माझा आग्रह शेवटपर्यंत दोनच गोष्टींचा आहे. डबा बाळंतिणीच्या ताटापर्यंत पोचावा, आणि त्या घराचं काम एका भांड्यानंही वाढू नये.

डबा न्यायची खरी वेळ कोणती?

दवाखान्यातून घरी आल्याचा पहिला दिवस, आणि नंतर थेट बारसं उरकल्यावर. मधल्या दिवसांत घर भरलेलं असतं. माहेरची माणसं असतात, पाचवी पुजायची असते, बारशाच्या घुगऱ्या शिजत असतात. बाराव्या दिवसानंतर एकेक जण पांगतो. मुलीच्या आईला शेतातली कामं बोलावतात, नवरा ड्युटीवर जातो, आणि अंगावर पिणारं लेकरू घेऊन ती एकटी उरते. सव्वा महिना पुरा होईपर्यंतचे हे दिवस सगळ्यात अवघड. नेमके तेव्हाच डबे बंद झालेले असतात.

पहिलं बाळंतपण बहुतेकींचं माहेरी होतं. म्हणजे तुमची शेजारीण सव्वा महिन्यानं किंवा तीन महिन्यांनी बाळाला घेऊन सासरी परतेल. इतके दिवस त्या घरात नवऱ्यानं कसंबसं भागवलेलं असतं, डबे रिकामे असतात, दूधवाल्याला बंद सांगितलेलं असतं. ती उतरेल त्या संध्याकाळी डबा द्या. ही वेळ फार कमी जणांच्या लक्षात येते.

दिवसातून किती वाजता?

सकाळी जाऊ नका. बाळाची मालिश, न्हाऊ घालणारी मावशी, बाळंतिणीचं न्हाणं, शेक, शेपा-ओव्याची धुरी यात अकरा सहज वाजतात. मग दोघं झोपतात. साडेअकरा-बाराच्या सुमारास ताट पोचलं तर ती झोपेआधी खाते. संध्याकाळचं सातच्या आत द्यावं.

रात्रीचं मात्र कोणी विचारात घेत नाही. दर दोन-तीन तासांनी पाजणाऱ्या बाईला रात्री तीनला कडकडून भूक लागते आणि तेव्हा सगळं घर झोपलेलं असतं. म्हणून डब्यासोबत उशाशी ठेवायला कोरडं काहीतरी द्या. दोन लाडू, राजगिऱ्याची वडी, खोबरं-खारीक, एवढंही पुरतं. शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवायला घरच्यांना सांगा.

आधी विचारावं का?

हो, पण 'काही लागलं तर सांगा' असं म्हणून नाही. आपल्याकडं कोणी सांगत नाही. 'काकू, उद्या दुपारचं सूनबाईचं ताट माझ्याकडून. वरण, भाकर आणि शेपूची भाजी आणते, चालंल ना?' असं विचारलं की समोरच्याला फक्त मान हलवायची असते. विचारायचं सासूबाईंना किंवा तिच्या आईला, कारण चूल त्यांच्या हातात आहे. आणि फोनवर दोन शब्द बाळंतिणीलाही विचारा. तिला काय खावंसं वाटतंय हे घरात तिला कोणी विचारलेलं नसण्याची शक्यता बरीच असते.

विचारतानाच तिखट किती चालतं, डॉक्टरांनी काही बंद केलंय का, आणि जेवणारी माणसं किती आहेत, हेही विचारून घ्या.

मग न्यावं तरी काय?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि प्रथिनं साधारण १७ ग्रॅम जास्त. आपल्या ताटात सांगायचं तर रोजच्या जेवणावर दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि वरून चमचाभर तूप. म्हणजे नुसता शिरा नेऊन भागत नाही. डाळ हवी, हिरवी भाजी हवी, आणि पोटभर हवं.

मराठवाड्यातल्या घरात जे असतं त्यातूनच उत्तम ताट होतं. शाळूची किंवा बाजरीची भाकर, मुगाचं किंवा तुरीचं लसणाची फोडणी दिलेलं वरण, मूगडाळ घातलेली शेपू, मेथीची परतलेली भाजी, दोडका, दुधी, तूप. शेपू आणि मेथी आजी-पणजीपासून बाळंतिणीला देत आलेत. बाळंतपणानंतर पोट साफ होत नाही आणि टाक्यांमुळं कुंथायची भीती वाटते, तेव्हा पालेभाजी आणि भरपूर पाणी याचा उपयोग होतो.

भाकर नेणार असाल तर घरातून निघायच्या वेळेलाच थापा. तव्यावरून काढली की तूप लावून सुती फडक्यात गुंडाळायची आणि झाकणाच्या डब्यात ठेवायची. तासाभरानं ती वातड होते, आणि टाके दुखत असताना चावत बसणं नको वाटतं. घर लांब असेल तर भाकरीचा हट्ट सोडून पोळी किंवा मऊ खिचडी न्या. मुगाच्या डाळीची खिचडी, वरून तूप आणि सोबत लिंबाची फोड, हा डबा कधीच वाया जात नाही.

ज्वारीच्या कण्याही चांगल्या. एरवी आपण त्या ताकात खातो. बाळंतिणीसाठी पाण्यात मऊ शिजवून दूध-गूळ घालून द्या. हळिवाची खीर करायची तर हळीव दोन-तीन तास भिजवा, दुधात शिजवा, आणि गूळ मात्र खाली उतरवून जरा निवल्यावर घाला. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध नासतं.

डिंकाचे लाडू करावे की मेथीचे?

आधी त्या घरात कोणते झालेत ते विचारा. माहेराहून डबाभर आलेले असतात आणि मग चार घरचे लाडू पडून राहतात. करणार असाल तर डिंक तुपात पूर्ण फुलवून घ्या. मध्ये कच्चा राहिलेला डिंक दातात खड्यासारखा लागतो. खारकेची पूड, भाजलेलं खोबरं, खसखस, सुंठ, जायफळ, गूळ, असं सगळं घातलेला लाडू लहानच वळा. एकावेळी तेवढाच खाल्ला जातो. ऐन मेमध्ये डिंक-मेथी उष्ण पडतात म्हणून बऱ्याच घरी नको म्हणतात. तिथं राजगिऱ्याचे करावेत.

लाडूंपेक्षा मला बाळंतिणीची सुपारी न्यायला जास्त आवडते. बाळंतशेपा, ओवा, तीळ, किसलेलं खोबरं आणि धनेडाळ वेगवेगळं भाजून, किंचित सैंधव लावून बरणीत भरायची. दोन्ही जेवणांनंतर चमचाभर. महिनाभर टिकते, आणि ही बरणी पाहुण्यांच्या ताटात जात नाही, तिच्याजवळच राहते.

येसराची आमटी, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी चालेल का?

आईच्या तिखटानं बाळाला त्रास होतोच असं नाही. पण पहिले काही दिवस तिचं स्वतःचं पोट नाजूक असतं, म्हणून तिखट हलक्या हातानं घाला. लसणाची आणि जवसाची चटणी वेगळ्या डबीत द्या, तिला हवी तर ती घेईल. महिन्याभरानं मात्र येसराची आमटी जरूर न्या. अळणी खाऊन खाऊन तोंडाची चव गेलेली असते. त्या वाटीवर ती कशी तुटून पडते ते बघा.

सासूबाई म्हणतात केळी नको, दही नको, वांगं नको. डॉक्टर म्हणतात सगळं खा. मी कोणाचं ऐकू?

दारात उभं राहून वाद घालू नका. तुम्ही घरी निघून जाल, बोलणी तिला खावी लागतील. दोघांनाही मान्य असलेले पदार्थ भरपूर आहेत: मूग, शेपू, भाकर, तूप, दूध, खीर. तेच न्या.

एका गोष्टीवर मात्र गप्प बसू नये. काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, पोट सुटेल म्हणून जेवणही कमी वाढतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्तच लागते आणि ती भागलीच पाहिजे. हे तुम्ही सांगण्यापेक्षा आशाताईंनी सांगितलं तर घरात जास्त ऐकलं जातं. त्यांच्या कानावर घाला.

सिझर झालं असेल तर वेगळं काही?

पहिल्या दोन-तीन दिवसांत दवाखान्यानं काय द्यायला सांगितलंय ते विचारूनच न्या. घरी आल्यावर बाकीच्यांसारखंच जेवण. फक्त तिला वाकणं, उचलणं जड जातं. घट्ट झाकणाचा जड डबा देऊ नका, आणि शक्य असेल तर ताट वाढून तिच्या हातात द्या.

किती माणसांचं न्यावं?

तिच्या एकटीचं नेलं तर ती खाणार नाही. घरात सासू-सासरे आणि मोठं लेकरू भुकेलं असताना आपली बाई एकटी ताटावर बसत नाही. सगळ्यांचं नेलं तर ती शेवटी बसते आणि तळाशी राहिलेलं खाते. यावर मला जमलेला उपाय असा: घरातल्या माणसांपुरतं साधं वरण-भात-भाजी मोठ्या डब्यात, आणि तिचं ताट वेगळ्या, छोट्या डब्यात. देताना सासूबाईंनाच म्हणायचं, 'हे तिचं, यात तूप जास्त घातलंय, तिलाच द्या बरं.' असं त्यांच्यावर सोपवलं की त्याच राखतात.

मोठं लेकरू असेल तर त्याच्यासाठी वेगळं काहीतरी आवर्जून. घरात सगळे बाळाकडं बघत असताना त्याच्या नावाचा डबा आला की त्याचा चेहरा फुलतो. गूळपोळी, शेंगदाण्याची चिक्की, काहीही.

मटणाचा रस्सा नेऊ का?

खाणारं घर असेल तर अळणी रस्सा फार चांगला. मऊ शिजवलेलं मटण, हळद-आलं-लसूण, मिरची नाही. वार, श्रावण आणि घरातल्या थोरांचं पाळणं विचारून घ्या. मुसलमान शेजाऱ्यांकडं मटण न्यायचं तर ते हलाल हवं. खात्री नसेल तर दूध-शेवयांची खीर न्या. त्यांच्याकडंही बाळंतीण चाळीस दिवस जपतात, चिल्ला म्हणतात त्याला. तेव्हा डब्याची गरज तेवढीच आणि तेवढेच दिवस असते.

आमच्या हातचं त्यांना चालेल का, या विचारानं पाय अडखळतो.

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. मराठवाड्यात राहून तो नाही असं म्हणता येणार नाही. ज्यांच्या हातचं घ्यायला पिढ्यान्‌पिढ्या नकार मिळाला, त्यांनीच पुढं होऊन पुन्हा विचारावं असं सांगणं मला योग्य वाटत नाही. सुरुवात दुसऱ्या बाजूनं व्हावी. ज्यांना असा नकार कधी सोसावा लागला नाही त्यांनी त्यांच्या बाळंतिणीला डबा न्यावा, आणि त्यांच्याकडून आलेला डबा आपल्या घरात सगळ्यांदेखत खावा. एका बाळंतपणानं जे सुरू होतं ते पुढं लग्न-कार्यापर्यंत जातं, हे मी आमच्याच गल्लीत पाहिलंय.

एखाद्या घरी शिजवलेलं घेत नसतील असं वाटलं तर खारीक, खोबरं, हळीव, तूप, फळं असा कोरडा शिधा द्या. जाणं मात्र चुकवू नका.

सुवेर असताना जावं का?

जिथं सुवेर पाळतात तिथं साधारण दहा दिवस देवपूजा बंद असते आणि काहीजण त्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. त्यांना डबा द्यायला त्याची आडकाठी नाही. तुमच्या घरात कुणाला आत जाणं पटत नसेल तर उंबऱ्यावरून द्या.

भांड्यांचं काय करायचं?

आपल्याकडं हा मोठा विषय आहे. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत. त्यामुळं तुमचा डबा त्या घराला कामाला लावतो. धुवायचा, त्यात काहीतरी घालायचं, कोणाकरवी तरी पाठवायचा. आणि पाणी? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आजही उन्हाळ्यात कितीतरी गावांत टँकर आला तर पाणी, आणि शहरात नळ काही दिवसांच्या अंतरानं येतो. त्यात बाळाचे कपडे, दुपटी आणि न्हाणं यालाच निम्मं पाणी जातं.

म्हणून डबा देतानाच सांगा: 'खरकटं असू द्या, मी संध्याकाळी येऊन घेऊन जाते. काही भरून द्यायचं नाही.' आणि खरंच जाऊन घेऊन या. सासूबाईंना रिकामं द्यायला जड वाटत असेल तर चिमूटभर साखर घालू द्या, रीतही राहते. नाव घातलेलं लग्नातलं भांडं नेऊ नका. ते हरवेल या काळजीनं ती माणसं ते आधी घासून ठेवतात. टँकरच्या दिवसात डब्यासोबत एक भरलेली कळशी नेली तर तिचं मोल जेवणाहून कमी नाही.

उन्हाळ्यात डबा खराब होणार नाही का?

होतो. बाहेरचं तापमान बत्तीसच्या वर गेलं की शिजवलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढं असतो. गरम गरम न्या, लगेच वाढायला सांगा. दाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि दूध घातलेलं लवकर आंबतं. या दिवसात दुपारऐवजी संध्याकाळचा डबा बरा.

चहा नेला तर?

न्या, पण जेवणासोबत नको. बाळंतपणानंतर सहा महिने लोहाच्या गोळ्या चालू असतात आणि चहानं लोह अंगी लागत नाही. जेवण किंवा गोळी आणि चहा यात तासभर तरी जाऊ द्या.

बाळासाठी मध, गुटी, ग्राइप वॉटर?

काहीही नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर देऊ नये. त्यातल्या जंतूंमुळं तान्ह्या बाळाला बोटुलिझम नावाचा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. बाळाला द्यायचंच असेल तर जुन्या सुती लुगड्याची धुतलेली मऊ दुपटी द्या. ती कितीही असली तरी कमीच पडतात.

मुलगी झाली म्हणून घरात सगळे गप्प आहेत. जाऊ का?

सगळ्यात आधी जा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्या आकड्यामागं अशीच गप्प घरं आहेत. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी असं आपल्याकडं चालतं. तुम्ही पेढे न्या. बाळाला मांडीवर घ्या, मोठ्यानं कौतुक करा, आणि आईला पोटभर जेवू घाला. ऐकणारं तिथं कोणीतरी असतं.

बाळ काचेच्या पेटीत आहे, आई दवाखान्यातच आहे. आता?

सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आईला मोफत जेवण मिळतं, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरमध्ये सात दिवस. सोबतच्या माणसाला मिळत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात असो की अंबाजोगाईच्या स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालयात, वॉर्डाबाहेर सतरंजीवर बसलेली तिची आई दोन दोन दिवस बिस्किटांवर काढते. डबा तिच्यासाठी न्या. हातानं खाता येईल असं कोरडं: धपाटे, पोळी-भाजी, दशम्या. पेढ्यांचं आणि अभिनंदनाचं बाळ घरी आल्यावर बघता येईल.

ऊसतोडीच्या दिवसात गावात माणूसच नसतं.

दिवाळीनंतर बीड, जालना, धाराशिवच्या कितीतरी गावांतली घरं कारखान्यावर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागं बाळंतीण आणि म्हातारी आजी राहते. अशा घरी रोज शिजवलेला डबा देणं एकीला जमत नाही. पीठ दळून द्या, सरपण किंवा गॅसची टाकी आहे का बघा, डाळ-तांदूळ भरून ठेवा. आणि अंगणवाडीतून स्तनदा मातेला मिळणारा कोरडा आहार घरी येतोय का, ते विचारा. नाव नोंदवायचं राहिलं असेल तर सोबत जाऊन नोंदवा.

किती वेळ बसावं?

पाच मिनिटं. चहा घ्यायचा नाही.

मला सर्दी आहे.

डबा दुसऱ्या कुणाकडं द्या. बाळाजवळ जाऊ नका.

स्वयंपाक येत नाही. किंवा मी एकटा पुरुष भाडेकरू आहे, कसं दिसेल?

बाळाच्या वडिलांना विचारा. दूध, फळं, औषध आणून देणं, गिरणीतून दळण आणणं, मोठ्या मुलाला शाळेत सोडणं, हे सगळं डब्याइतकंच उपयोगी आहे. ओळखीच्या खानावळीतून कमी तिखटाचं वरण-भात आणि दोन पोळ्या बांधून घेतल्या तरी उत्तम.

डबा द्यायला गेले तर तिचं काही बरं दिसत नव्हतं.

डबा देणारी शेजारीण ते बघू शकते, म्हणून तिनं बघावं. ताप, खूप रक्त जाणं, दुर्गंधी, पाय सुजून डोकं ठणकणं, बाळ दूध न ओढणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. १०८ ला फोन करा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई साधारण ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना सांगून ठेवा. दोन आठवडे उलटले तरी ती सारखी रडत असेल, जेवत नसेल, बाळाकडं बघत नसेल तर ते नाटक नाही आणि बाहेरचंही काही नाही. बाळंतपणानंतरची उदासी हा उपचार असलेला आजार आहे. टेली मानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

गल्लीतल्या चौघी-पाचजणींनी मिळून द्यायचं तर कसं ठरवावं?

वार वाटून घ्या आणि कोण काय आणणार हे आधीच बोला, नाहीतर सगळ्यांकडून एकाच दिवशी शिरा येतो. बारशाच्या दुसऱ्या दिवसापासून सव्वा महिन्यापर्यंत, रोज एक वेळचं. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला रविवार किंवा संध्याकाळ द्या. आठवडी बाजाराच्या दिवशी ताजी शेपू-मेथी मिळते, तो वार जिला पालेभाजी निवडायला वेळ आहे तिनं घ्यावा. आणि एकीनं, कोणत्याही एकीनंच, रोज संध्याकाळी सगळे डबे गोळा करून आणायचं काम अंगावर घ्यावं.